आपापला कॅट घेऊन बसताना

झब्बू असो, मेंढीकोट असो की बदाम सात, पत्त्यांच्या आपल्या ओळखीच्या खेळांत एक गोष्ट कुणी बोलूनही दाखवत नाही, इतकी ती ठरलेली असते. ५२ पानांचा एकच कॅट मधे असतो. तो पिसायचा, वाटायचा, आणि ज्याच्या हाती जी पानं येतील ती त्याची. डाव सुरू होण्याआधी सगळे सारखे. अमेरिकेत १९९३ साली आलेल्या एका खेळानं नेमकी हीच गोष्ट काढून टाकली. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात प्रत्येक जण स्वतःचा कॅट घरून घेऊन येतो. त्यात कोणती कार्डं घालायची हे त्यानं आधीच बसून ठरवलेलं असतं आणि समोरच्यानं काय ठरवलं आहे हे डाव रंगल्याशिवाय कळत नाही. ही कार्डं बंद पाकिटांतून विकत मिळतात. पाकिटात काय निघेल ते फोडल्यावरच समजतं, आणि नको असलेलं कार्ड देऊन हवं असलेलं मिळवायचं तर मित्राशी घासाघीस करावी लागते.

पोकेमॉनचा कार्डांचा खेळ १९९६ साली जपानात आला, तो याच वाटेनं. ‘यु-गी-ओ’ हा मुळात काझुकी ताकाहाशी यांच्या चित्रकथेतला खेळ, आणि कथेतलं त्याचं नाव मॅजिकवरूनच बेतलेलं होतं. पुढे १९९९ मध्ये कोनामी कंपनीनं त्याची खरी कार्डं काढली. आज या खेळांच्या मोठ्या स्पर्धा होतात, त्यांना पंच असतात, बंदी घातलेल्या कार्डांच्या याद्या असतात. पण स्पर्धेच्या जवळपासही न जाता घरी, वसतिगृहात, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर खेळणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे पंच नसतो. एकाच्या कॅटमध्ये महागडी कार्डं, दुसऱ्याच्या कॅटमध्ये पहिल्या दोन पाकिटांत निघाली ती. मग डाव बरोबरीचा कसा करायचा? या प्रश्नाची उत्तरं गेल्या तीस वर्षांत मित्रांच्या गटांनीच शोधली, आणि माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला तोच सर्वांत मोलाचा भाग आहे.

खेळाचा जन्मही मित्रांच्या घोळक्यातच झाला. रिचर्ड गारफील्ड हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएच.डी. करत होते, विषय कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे वस्तूंच्या जुळण्या आणि मांडण्या मोजण्याचं शास्त्र. १९९१ मध्ये ते आणि त्यांचे मित्र माइक डेव्हिस ‘रोबोरॅली’ नावाचा पटावरचा खेळ घेऊन सिॲटलजवळच्या एका नवख्या कंपनीकडे गेले. कंपनी होती विझर्ड्स ऑफ द कोस्ट, तिचे प्रमुख पीटर ॲडकिसन. तो पट छापण्याइतका पैसा ॲडकिसन यांच्याकडे नव्हता. त्यांना हवा होता खिशात मावणारा खेळ, जो खेळांच्या संमेलनाला आलेल्या लोकांना दोन मोठ्या खेळांच्या मधल्या रिकाम्या वेळात कुठेही बसून खेळता येईल. गारफील्ड यांच्या डोक्यात १९८२ पासून ‘फाइव्ह मॅजिक्स’ नावाची एक अर्धवट कल्पना घोळत होती. ‘कॉस्मिक एन्काउंटर’ या जुन्या खेळाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. त्या खेळात प्रत्येक खेळाडूला एखादा नियम मोडण्याची खास शक्ती मिळते. हे सगळं एकत्र आलं आणि १२० कार्डांचा पहिला हातानं बनवलेला संच तयार झाला.

तो संच दोघांत निम्मा-निम्मा वाटायचा, प्रत्येकानं एक कार्ड पणाला लावायचं, डाव खेळायचा, जिंकलेल्यानं पणाचं कार्ड घ्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पुढची दोन वर्षं विद्यापीठातल्या मित्रमंडळींनी हा खेळ खेळून तपासला. या चाचणीतल्या मित्रांपैकी काही जण ब्रिज क्लबमधले होते. त्यांनीच पुढे ‘मिराज’ हा १९९६ साली आलेला संच रचला. दुसऱ्या एका चौकडीनं ‘आइस एज’ रचला. म्हणजे सुरुवातीची कितीतरी वर्षं मॅजिकची कार्डं तयार होत होती ती एकमेकांना हरवण्यात दोन वर्षं घालवलेल्या मित्रांच्या हातून.

खेळाची रीत थोडक्यात अशी. प्रत्येकाला सुरुवातीला २० लाइफ आणि हातात ७ कार्डं. समोरच्याचे लाइफ शून्यावर आणले की जिंकलात. आपली पाळी आली की एक कार्ड उचलायचं आणि हातात असेल तर एक ‘लँड’ खाली ठेवायची. लँड म्हणजे जमीन. तिच्यातून ‘माना’ नावाची शक्ती मिळते आणि त्या शक्तीच्या मोबदल्यात बाकीची कार्डं खेळता येतात: लढणारे प्राणी, मंत्र, जादूच्या वस्तू. रंग पाच. पांढरा मैदानातून येतो, निळा बेटांतून, काळा दलदलीतून, लाल डोंगरातून, हिरवा जंगलातून, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. लाल रंगाला घाई असते, तो थेट आग फेकतो. निळा समोरच्याचा मंत्र मधेच अडवतो. हिरवा दांडगे प्राणी वाढवतो, पांढरा लहान सैनिकांची शिस्तीत फौज उभारतो, आणि काळा सत्तेसाठी स्वतःचं रक्तही द्यायला तयार असतो. मूळ नियम थोडेच आहेत, पण जवळजवळ प्रत्येक कार्ड त्यातल्या एखाद्या नियमाला फाटा देतं, आणि अशी वेगवेगळी कार्डं आज २५ हजारांहून अधिक आहेत. ती एकमेकांशी कशी वागतील हे पूर्णपणे तपासणं कुणालाच शक्य नाही. २०१९ मध्ये तीन संशोधकांनी तर सिद्ध करून दाखवलं की योग्य कार्डं मांडली तर मॅजिकच्या नियमांतून संगणकाची कोणतीही आकडेमोड करवून घेता येते. म्हणून काही डाव असे रचता येतात, की त्यांचा विजेता आधी सांगणारी गणिती पद्धत असूच शकत नाही.

कार्डाचं बळ कशात असतं हे समजायला पहिल्याच संचातली पाच कार्डं पुरेशी आहेत. पाचही कार्डांना एकच माना लागतो आणि पाचही ‘तीन’ काहीतरी देतात. लाल ‘लाइटनिंग बोल्ट’ तीन लाइफ कमी करतं. हिरवं ‘जायंट ग्रोथ’ त्या पाळीपुरतं एका प्राण्याचं बळ तीननं वाढवतं. काळं ‘डार्क रिच्युअल’ तीन माना देतं. पांढरं ‘हीलिंग साल्व्ह’ तीन लाइफ परत देतं. निळं ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ तीन कार्डं उचलू देतं. कागदावर मोठी सुबक मांडणी वाटते. खेळताना मात्र कळतं, की तीन लाइफ ही फार मामुली मदत आहे आणि तीन कार्डं ही प्रचंड. ‘हीलिंग साल्व्ह’ आज कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ मॅजिकमधल्या सर्वांत ताकदवान कार्डांत गणलं जातं. निर्मात्यांना याचा अंदाज होता, म्हणूनच या पाचांपैकी फक्त तेच एक दुर्मीळ ठेवलेलं होतं.

दुर्मीळ ठेवणं हाच त्यांचा तोडगा होता. गारफील्ड यांचा हिशेब असा, की लोक या खेळावर इतर खेळांइतकाच खर्च करतील, थोडी पाकिटं घेतील. मग मित्रांच्या एखाद्या गटात ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ असलंच तर एखादं असेल. ते कुणाकडे आहे याची गटात चर्चा होईल, ते पणाला लागून एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. कुणाकडेही सगळी कार्डं नसतील, किंबहुना एकूण कार्डं कोणती आहेत हेसुद्धा कुणाला माहीत नसेल. समोरच्यानं अनोळखी कार्ड खाली ठेवावं आणि आपण ते उचलून वाचावं, यातच मजा. म्हणून एकाच कार्डाच्या किती प्रती घालायच्या यावर पहिल्या नियमांत मर्यादाच नव्हती. कॅट ४० कार्डांचा असला म्हणजे झालं.

५ ऑगस्ट १९९३ ला पहिला संच बाजारात आला. बेल्जियममधल्या कार्टा मुंडी या छापखान्यातून आलेली सुमारे २६ लाख कार्डं बघता बघता संपली आणि ऑक्टोबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. लोकांनी पाकिटं नव्हे, खोकी विकत घेतली. हिशेब तिथेच मोडला. ‘लाइटनिंग बोल्ट’ साधं, सहज मिळणारं कार्ड. पण डोंगर आणि बोल्ट, याशिवाय दुसरं काहीही नसलेला ४० कार्डांचा कॅट कुणी बनवला तर? सात बोल्ट म्हणजे २१, आणि समोरच्याकडे २० लाइफ. असा कॅट नियमात बसत होता, आणि त्याच्याविरुद्ध खेळण्यात काही अर्थ नव्हता. १९९४ च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी नियम झाले: कमीत कमी ६० कार्डं, एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती, आणि काही कार्डांवर बंधनं. साठ आणि चार हे आकडे पुढे घरगुती खेळातही रुजले. पोकेमॉनमध्येही ६० कार्डं आणि साध्या एनर्जी कार्डांखेरीज बाकीच्यांच्या चार प्रती, हेच प्रमाण आहे.

पणाची पद्धत मात्र टिकली नाही. आपलं आवडतं कार्ड कायमचं गमावायला कुणीच राजी नव्हतं. शिवाय त्यात जुगाराचा वास होता, मुलांच्या हातात तो खेळ देणं पालकांना पटणारं नव्हतं. पणाचा उल्लेख असलेली शेवटची कार्डं १९९५ मध्ये छापली गेली आणि स्पर्धांत ती सगळी बाद झाली. पोकेमॉननं तीच ओढ निरुपद्रवी करून घेतली. तिथे प्रत्येक जण स्वतःच्याच कॅटमधली सहा कार्डं बाजूला पालथी ठेवतो आणि समोरच्याचा एक पोकेमॉन पाडला की त्यातलं एक परत घेतो. बक्षीस मिळाल्याचा आनंद होतो आणि कुणाचंच काही जात नाही. खेळ रचणाऱ्यांच्या हुशारीचा याहून चांगला नमुना मला दुसरा सुचत नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बंद पाकीट ही अंशतः सोडतच आहे. १५ कार्डांच्या जुन्या पाकिटात एक दुर्मीळ, तीन मध्यम आणि उरलेली साधी कार्डं असत. आत काय आहे हे न कळताच पैसे द्यावे लागतात. त्यातून सुट्या कार्डांचा बाजार उभा राहिला. १९९६ मध्ये कंपनीनं संग्राहकांना वचन दिलं, की ठरावीक जुनी कार्डं पुन्हा कधीच छापणार नाही. ‘ब्लॅक लोटस’ त्यातलंच. पहिल्या आवृत्तीतलं, चित्रकार ख्रिस्तोफर रश यांची सही असलेल्या आवरणातलं एक ‘ब्लॅक लोटस’ जानेवारी २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरना विकलं गेलं. ही बातमी वाचून कुणी खेळाकडे वळत असेल तर त्यानं वळू नये. ते कार्ड खेळण्याची वस्तू राहिलेलंच नाही. मित्रांबरोबर खेळणाऱ्याला एवढंच लक्षात ठेवायचं आहे: एखादं विशिष्ट कार्ड हवं असेल तर पाकिटं फोडत बसू नये, ते सुटं विकत घ्यावं. पाकिटं फोडायची ती सगळ्यांनी मिळून, एका डावासाठी. ते कसं, हे पुढे येईल.

त्याआधी माणसांचा विचार करावा लागतो, कारण सगळे एकाच कारणासाठी खेळायला बसत नाहीत. मॅजिकच्या रचनाकारांपैकी मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये खेळाडूंचे तीन प्रकार सांगितले. टिमीला भव्य काहीतरी घडवायचं असतं, राक्षसी ड्रॅगन एकदा तरी मैदानात उतरला की तो हरूनही खूश. जॉनीला स्वतःची शक्कल दाखवायची असते, कुणी वापरत नाही अशी तीन कार्डं जोडून तो डाव फिरवतो. स्पाइकला जिंकायचं असतं, आणि त्यासाठी सर्वांत धारदार हत्यार तो निवडतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. भांडण होतं ते तिघं न बोलता एका टेबलाभोवती बसतात तेव्हा. स्पाइकनं चौथ्या पाळीत डाव संपवला, टिमीचा ड्रॅगन हातातच राहिला. टिमीला वाटतं समोरच्यानं मजा घालवली, स्पाइकला वाटतं हा खेळत का नाही नीट. दोष कुणाचाच नाही. फक्त, कोणता डाव खेळायचा आहे हे आधी ठरलं नव्हतं.

ते ठरवण्याची सर्वांत यशस्वी रीत अलास्कात निघाली. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यात ॲडम स्टेली आणि त्यांच्या मित्रांनी एक घरगुती प्रकार सुरू केला. १९९४ च्या ‘लेजंड्स’ संचात निकोल बोलस वगैरे पाच थोर ड्रॅगन होते. प्रत्येकानं एक ड्रॅगन सेनापती म्हणून निवडायचा आणि त्याच्या रंगांतली ९९ कार्डं घेऊन १०० चा कॅट बनवायचा. अट एकच आणि ती फार दूरदृष्टीची: साध्या लँड सोडल्या तर कोणत्याही कार्डाची एकच प्रत. अमेरिकन हवाई दलात असलेले आणि मॅजिकचे पंच म्हणून काम करणारे शेल्डन मेनरी यांनी अलास्कात हा प्रकार पाहिला आणि पुढे स्पर्धांनंतर रात्री मोकळ्या झालेल्या पंचांमध्ये तो रुजवला. दिवसभर कडक नियम राबवणारी माणसं रात्री हा मोकळाढाकळा खेळ खेळत. २०११ मध्ये कंपनीनं ‘कमांडर’ या नावानं तयार कॅट विकायला काढले. आज प्रत्यक्ष बसून मॅजिक खेळण्याचा हाच सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे.

एकाच प्रतीच्या अटीनं काय साधलं? ६० च्या कॅटमध्ये एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील तर ते पहिल्या सात कार्डांत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. ९९ मध्ये एकच प्रत असेल तर तीच शक्यता ७ टक्के. म्हणजे महागडं कार्ड कुणाकडे असलं तरी बहुतेक डावांत ते दिसतच नाही. दोन डाव एकसारखे होत नाहीत. आणि पाकिटात निघालेल्या एकुलत्या एका विचित्र कार्डालाही कॅटमध्ये जागा मिळते. प्रत्येकाला ४० लाइफ असतात, त्यामुळे घाईच्या कॅटांची धार बोथट होते आणि टिमीच्या ड्रॅगनला मैदानात उतरायला वेळ मिळतो. सेनापती नेहमी बाजूला तयार असतो. तो मारला गेला तरी परत आणता येतो, फक्त दरवेळी दोन माना जास्त मोजावे लागतात. एकाच सेनापतीनं कुणाला लढाईत २१ घाव घातले तर तो खेळाडू बाद.

पण कमांडरचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तो बहुधा चौघांत खेळला जातो, आणि कुणी कुणाचा भिडू नसतो. मेंढीकोटात समोर बसलेला आपला, बाकीचे दोघं परके, हे पहिल्यापासून पक्कं असतं. इथे नातं दर पाळीला बदलतं. एकाचं बळ वाढलं की उरलेले तिघं न बोलावता त्याच्याविरुद्ध एक होतात. ‘या वेळी माझ्यावर चाल करू नकोस, मी त्याचा ड्रॅगन उडवतो,’ असे सौदे होतात, पाळले जातात, कधी मोडतातही. जबरदस्त कॅट घेऊन आलेल्यावर हा सगळ्यात स्वाभाविक लगाम आहे. त्यासाठी बंदीची यादी लागत नाही, टेबलाभोवतीची माणसं ते काम करतात. यात उणिवाही आहेत. डाव दोन-दोन तास चालतो. लवकर बाद झालेला नुसता बघत बसतो. आणि स्वतः हरत असलेला माणूस कधी कधी कुणाला जिंकवायचं ते ठरवतो, आणि ते मनाला लागतं. ज्या गटात हे वारंवार होतं तिथे मी तरी दोघा-दोघांचे डाव खेळावेत असंच सांगेन.

कमांडरचे नियम कंपनी नव्हे, तर मेनरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक स्वतंत्र समिती सांभाळत असे. तिचा आग्रह एवढाच, की आमचे नियम हा आरंभ समजा, आपल्या गटापुरतं काय बदलायचं ते एकमेकांशी बोलून ठरवा. मेनरी सप्टेंबर २०२३ मध्ये गेले. वर्षभरानं समितीनं ‘माना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’सह चार कार्डांवर बंदी घातली. त्यांतली बहुतेक कार्डं डाव फार लवकर संपवणारी आणि महाग होती. त्यांच्या किमती कोसळल्या आणि समितीच्या सदस्यांना धमक्या येऊ लागल्या. काही दिवसांतच समितीनं सगळा कारभार विझर्ड्सकडे सोपवला. मित्रांसाठी राबवलेल्या एका निःस्वार्थ कामाचा शेवट असा व्हावा, याची खंत या खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला वाटली पाहिजे. कार्डांकडे गुंतवणूक म्हणून बघितलं की खेळाचं काय होतं, ते त्या आठवड्यात उघड दिसलं.

२०२५ मध्ये कंपनीनं कॅटांची पाच पायऱ्यांत वर्गवारी सुचवली. पहिल्या पायरीवर नुसती हौस, पाचव्यावर स्पर्धेच्या तोडीचे कॅट, आणि मधल्या पायऱ्या ठरवायला डाव एकदम पालटणाऱ्या कार्डांची एक यादी. अनोळखी लोकांत खेळताना ती उपयोगी पडते. नेहमीच्या मित्रांत मात्र चार प्रश्न पुरतात. तुझा कॅट साधारण कितव्या पाळीला जिंकतो? दोन-तीन कार्डांत डाव एकदम संपवणारी जोडी त्यात आहे का? समोरच्याच्या लँड उद्ध्वस्त करणारी कार्डं आहेत का? आणि आज किती वेळ आहे? दोन मिनिटांत उत्तरं मिळतात, आणि कुणाचा कॅट फारच वरचढ असेल तर त्याच्याकडे दुसरा असतोच, नाहीतर तो मित्राचा मागून घेतो.

ज्यांना कॅटांची ही तफावतच नको आहे त्यांच्यासाठी ड्राफ्ट आहे. बंद पाकिटांचा सर्वांत चांगला उपयोग हाच. आठ जण बसतात, प्रत्येकासमोर तीन पाकिटं. पहिलं पाकीट फोडून एक कार्ड ठेवायचं, उरलेली डावीकडे द्यायची, उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यातून पुन्हा एक. दुसरं पाकीट उलट दिशेनं, तिसरं पुन्हा डावीकडे. हाती आलेल्या कार्डांतून ४० चा कॅट तिथल्या तिथे बनवायचा आणि खेळायचं. कुणी घरून काही आणलेलं नसतं, म्हणून सुरुवात सगळ्यांची सारखी. जुना खेळाडू जिंकतो तेव्हा तो निवडीच्या जोरावर जिंकतो. शेजाऱ्यानं कोणता रंग सोडून दिला आहे हे ओळखून आपण तो धरणं, यातली बौद्धिक गंमत ब्रिजच्या बोलीइतकी खोल आहे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘क्यूब’. आठ जणांना प्रत्येकी ४५ म्हणजे ३६० कार्डं लागतात. ती एकदाच निवडून एका खोक्यात ठेवायची, दरवेळी पिसून त्यांचीच पाकिटं करायची, ड्राफ्ट खेळायचा, आणि शेवटी कार्डं परत खोक्यात. पुन्हा पाकीट विकत घ्यायला नको. चौघांचाच गट असेल तर १८० कार्डंही पुरतात. भिशीसारखे थोडे थोडे पैसे काढून गटानं मिळून क्यूब जमवता येतो, आणि फक्त साध्या कार्डांचा जमवला तर तो फार स्वस्तात होतो. साध्याच कार्डांवर बेतलेला ‘पॉपर’ नावाचा प्रकार आधी हौशी खेळाडूंनी चालवला आणि २०१९ पासून प्रत्यक्ष कार्डांच्या खेळातही तो अधिकृत आहे. ‘लाइटनिंग बोल्ट’ तिथेही आहे, चार प्रतींच्या मर्यादेत, आणि तिथले डाव महागड्या डावांइतकेच चुरशीचे होतात.

महाग कार्डाऐवजी कागदावर नाव लिहून किंवा छापून कॅटमध्ये घालावं का, हा वाद जुना आहे. स्पर्धेत ते चालत नाही आणि तशी कार्डं खरी म्हणून विकणं ही फसवणूक आहे. पण घरगुती खेळासाठी, विक्री न करता कुणी अशी कार्डं वापरली तर आपल्याला त्यावर पहारा ठेवायचा नाही, हे कंपनीनं स्वतःच २०१६ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये तिनं तिसाव्या वर्धापनानिमित्त जुन्या कार्डांच्या, स्पर्धेत न चालणाऱ्या प्रती विकल्या. चार पाकिटं, एकूण ६० कार्डं, किंमत ९९९ डॉलर. त्यानंतर मित्रांनी घरच्या प्रिंटरवर काढलेल्या कार्डांना नावं ठेवायचा हक्क कुणाला उरला असेल असं मला वाटत नाही. गटात सगळ्यांची संमती असली आणि सगळ्यांना तीच मुभा असली म्हणजे झालं.

आपल्याकडे या खेळांची पार्श्वभूमी अगदीच कोरी नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत कुस्तीगीरांची आणि क्रिकेटपटूंची ट्रम्प कार्डं खेळलेली पिढी आज चाळिशीत आहे. कार्टून वाहिनीवर पोकेमॉन आला तेव्हा चिप्सच्या पाकिटातून मिळणाऱ्या टाझो नावाच्या चकत्यांची अदलाबदल गल्लोगल्ली चाले. त्यानंतर टॉप्स कंपनीची ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डं आली, आणि ती तर नावानिशी याच जातीची होती. जमवण्याची आणि अदलाबदलीची सवय आपल्याला आहे. कमी होती ती कॅट रचण्याची. ट्रम्प कार्डांत आकडे तुलनेला लावायचे असतात, निवड फारशी नसते. मॅजिक किंवा पोकेमॉनमध्ये मात्र डावाचा निम्मा भाग आदल्या रात्री, कोणतं साठावं कार्ड ठेवू आणि कोणतं काढू या विचारात खेळला जातो. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर सुरुवात करायची असेल तर पोकेमॉन बरा, त्याचे नियम सोपे आहेत. मोठ्यांनी थेट मॅजिक शिकावा. ‘मॅजिक अरिना’ या संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या फुकट खेळात नियम चांगले शिकवले आहेत, पण ते फक्त शिकण्यापुरतं. तिथे समोरचा माणूस दिसत नाही, सौदा करता येत नाही, त्याचं कार्ड उचलून वाचता येत नाही.

गारफील्ड यांनीही मूळ प्रश्न सोडला नाही. २०१८ मध्ये त्यांनी ‘कीफोर्ज’ आणला. त्यात विकत घेतलेला प्रत्येक कॅट जगात एकमेव असतो आणि त्यातलं एकही कार्ड बदलता येत नाही, म्हणजे पैसा ओतून तो सुधारण्याचा मार्गच बंद. त्यांच्या जुन्या ‘नेटरनर’चं २०१२ मध्ये नवं रूप आलं, त्यात बंद पाकिटांची सोडत काढून टाकून ठरावीक संच विकले जात. ते छापणं २०१८ मध्ये थांबलं तेव्हा खेळाडूंनीच संस्था काढून नवी कार्डं रचायला घेतली, आणि तो खेळ अजून चालू आहे.

तीन-चार मित्र जमत असतील तर प्रत्येकी एक तयार कमांडर कॅट किंवा साध्या कार्डांची एक पेटी एवढ्यावर सुरुवात करा. पहिले काही डाव हातातली कार्डं उघडी ठेवून खेळा, म्हणजे नव्याला विचारायला संकोच वाटणार नाही. चुकलेली चाल परत घेऊ द्या. गटाच्या खर्चाची एक मर्यादा पहिल्याच दिवशी मोकळेपणानं ठरवा, कारण नंतर तो विषय काढणं अवघड जातं. आणि जो हरेल त्याला त्याच संध्याकाळी आणखी एक डाव मिळेल, एवढा वेळ हाताशी ठेवून बसा.